वाचकांचे प्रश्न : उतारवयात वाकडा झालेला चवडा आणि शस्त्रक्रिया

मागील अंकात या सदरात टाचदुखीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे मात्र चवड्याविषयीची निघाली. अंगठा बाकीच्या बोटांकडे झुकला आहे, शेजारचे बोट त्याच्यावर चढले आहे, तळव्याला घट्टे पडले आहेत, आणि वय सत्तरीपुढचे असल्यामुळे घरातले लोक, कधीकधी डॉक्टरही, ‘आता या वयात कशाला’ असे म्हणून विषय मिटवतात, अशी बहुतेकांची तक्रार आहे. पासष्टीनंतर साधारणपणे तिघांपैकी एका व्यक्तीचा अंगठा कमीअधिक प्रमाणात झुकलेला आढळतो आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक असते. त्यामुळे या अंकाची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड वाढले असून अंगठा पार आडवा झाला आहे. दुसरे बोट अंगठ्यावर चढून बसले आहे आणि चपलेचा पट्टा घासून त्या बोटावर वारंवार जखम होते. गेल्या वर्षी ती दोनदा घरातच अडखळून पडली. एका डॉक्टरांनी ‘वाढलेले हाड तासून टाकू’ असे सांगितले, तर दुसऱ्यांनी अंगठ्याचा सांधाच कायमचा जोडून टाकण्याचा सल्ला दिला. सांधा जोडला तर ती चालणार कशी? आणि या वयात शस्त्रक्रिया करावी का? (एक वाचक, दादर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. केवळ वय झाले म्हणून ही शस्त्रक्रिया नाकारू नये आणि केवळ बोट वाकडे दिसते म्हणून ती करूही नये. अंगठा कितीही आडवा झाला असला तरी रुंद चपलेत माणूस विनातक्रार हिंडत-फिरत असेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. चालताना रोज दुखणे, जखम भरून पुन्हा पुन्हा चिघळणे, कोणतेच पादत्राण पायात न जाणे आणि तोल जाणे ही शस्त्रक्रियेची खरी कारणे आहेत. आपल्या आईंविषयीच्या पत्रात यांतील दोन तरी स्पष्ट दिसतात. त्यांच्या दोन वेळा पडण्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण वृद्धांमध्ये अंगठा झुकलेला असणे, बोटे आखडलेली असणे आणि पडण्याचे प्रमाण यांचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसून आला आहे. शरीर पुढे झुकते तेव्हा अंगठा जमिनीला दाबून तोल सावरतो आणि आडव्या झालेल्या अंगठ्याला ते जमत नाही. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर पुढचे हाल पायाच्या शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी मोठे असतात.

आता ‘वाढलेल्या हाडा’विषयी. आईंच्या पायात नवे हाड जवळजवळ आलेलेच नाही. चवड्यात पाच लांब हाडे असतात आणि त्यांतील पहिले, म्हणजे अंगठ्यामागचे हाड, आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे सरकते, तर अंगठा उलट दिशेला, बोटांकडे वळतो. दोहोंमध्ये कोन तयार होतो आणि त्या पहिल्या हाडाचे उघडे पडलेले टोक आपल्याला गाठीसारखे दिसते. डॉक्टर या विकृतीला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ आणि त्या गाठीला ‘बनियन’ म्हणतात. अंगठा आणि पहिले हाड यांच्यातला कोन १५ अंशांपर्यंत असला तर तो स्वाभाविक मानतात आणि ४० अंशांच्या पुढे गेला की विकृती तीव्र समजली जाते. गाठ नुसती तासली तर हाडांची दिशा होती तशीच राहते, काही काळ बरे वाटते आणि मग अंगठा पुन्हा झुकत जातो. म्हणून तीव्र विकृतीत नुसत्या तासण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही.

दुसरे बोट वर का चढले, हेही याच घडामोडीत दडलेले आहे. निरोगी चवड्यात पाऊल उचलतानाचा मोठा भार अंगठा आणि त्यामागचे हाड उचलतात. अंगठा निकामी होत गेला की तो भार शेजारच्या, लांब आणि तुलनेने बारीक अशा दुसऱ्या हाडावर येतो. त्याच्या टोकाखाली घट्टा पडतो, सांध्याच्या तळाशी असलेली जाड पट्टी झिजून फाटते, आणि बोटाला खाली धरून ठेवणारे काही उरले नाही की ते वर उचकटते. आडव्या अंगठ्याला खाली जागा हवीच असते, तो त्या बोटाखाली शिरतो. त्यामुळे फक्त वर चढलेले बोट सरळ करून चालत नाही. अंगठा जागेवर आणला नाही तर त्या बोटाला परत बसायला जागाच राहत नाही.

अंगठा जागेवर आणण्याचे मार्ग ढोबळमानाने दोन आहेत. एकात पहिले हाड कापून, सरकवून स्क्रूने बसवतात आणि सांधा हलता ठेवतात. सांधा निरोगी आणि हाड मजबूत असेल तर हा मार्ग उत्तम आहे. परंतु सत्तरीपुढे, कोन खूप मोठा असताना, सांध्यातील कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) झिजलेली आणि हाडे ठिसूळ झालेली असताना, अंगठा पुन्हा झुकण्याची शक्यता वाढते. अशा वेळी अंगठ्याच्या बुडाचा सांधा योग्य दिशेत कायमचा जोडून टाकणे, ज्याला डॉक्टर ‘फ्यूजन’ म्हणतात, हा मला अधिक भरवशाचा मार्ग वाटतो. सांध्याच्या दोन्ही टोकांवरची उरलीसुरली कूर्चा काढून एक टोक खोलगट आणि दुसरे गोलसर करतात, ती एकमेकांत बसवतात आणि वरून छोटी प्लेट व स्क्रू लावतात. दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत हाडे नीट जुळून येतात. एकदा जुळली की तो अंगठा त्या सांध्यात पुन्हा झुकू शकत नाही आणि पहिल्या हाडाचे आतल्या बाजूला सरकणेही त्याने आपोआप बरेचसे कमी होते, वेगळे हाड कापावे लागत नाही.

‘चालणार कशी’ या प्रश्नाचे उत्तर अंगठा कोणत्या दिशेत जोडला यात आहे. शस्त्रक्रियेत स्क्रू पक्के करण्यापूर्वी एक सपाट पत्रा किंवा ट्रेचे झाकण रुग्णाच्या तळव्याला टेकवून धरतात, म्हणजे भूल दिलेला पाय जणू जमिनीवर उभा राहतो. अंगठ्याचा मऊ भाग त्या पत्र्याला जेमतेम टेकला पाहिजे. तो दाबला जात असेल तर पुढे प्रत्येक पावलाला अंगठ्याच्या टोकाला टोचेल आणि फार वर राहिला तर नख बुटाला घासेल. ही दोन-तीन मिनिटांची तपासणी मनापासून झाली तर रुग्ण रस्त्यावर चालताना सांधा जोडला आहे हे बघणाऱ्याला सहसा कळतही नाही, कारण पाऊल टाकताना अंगठ्याचा पुढचा छोटा सांधा बराच भाग उचलून घेतो. उंच टाचेची पादत्राणे मात्र कायमची बंद होतात. गुडघे टेकून, बोटे मुडपून बसणे अवघड होते, मांडी घालून बसता येते आणि जमिनीवरून उठताना दुसऱ्या पायाचा आधार घ्यावा लागतो.

दुसऱ्या बोटासाठी त्याच बैठकीत दुसरे लांब हाड थोडे आखूड करून बोट खाली आणतात आणि बोटाचा आखडलेला मधला सांधा सरळ करतात. बोट सरळ राहावे म्हणून त्यातून बारीक तार घातली जाते, तिचे टोक बोटाबाहेर दिसते आणि चार ते सहा आठवड्यांनी ती बाह्यरुग्ण विभागातच काढतात. पुढे हे बोट जमिनीला पूर्ण टेकेलच असे नाही, पुष्कळदा ते किंचित अधांतरी राहते. त्याचा त्रास सहसा होत नाही, पण शस्त्रक्रियेआधीच हे माहीत असावे.

आधीच्या तयारीत मी सर्वांत वर ठेवतो तो पायाचा रक्तपुरवठा. घोट्यापाशी आणि पायाच्या पाठीवर नाडी हाताला लागते का, हे पाहिल्याशिवाय कोणीही चाकूची भाषा करू नये. एक्स-रे उभे राहून काढलेलाच हवा, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेत विकृती खरी आहे त्यापेक्षा सौम्य दिसते. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधी भरून काढावे. आणखी एक गोष्ट घरच्यांना विचारावी लागते, कारण रुग्ण ती स्वतःहून सांगत नाहीत: आई मिश्री लावतात का? ‘मी तंबाखू खात नाही’ असे सांगणाऱ्या कित्येक आजी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असतात आणि तिच्यातले निकोटीन हाड जुळण्याच्या आड तितकेच येते. काही आठवडे आधी ती बंद व्हायला हवी आणि हाड जुळेपर्यंत बंदच राहायला हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपणहून थांबवू नयेत, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावे. भूल बहुधा घोट्याभोवती किंवा गुडघ्यामागे इंजेक्शन देऊन फक्त पायापुरती देता येते, त्यामुळे ‘वयाला भूल झेपणार नाही’ ही भीती या शस्त्रक्रियेत पुष्कळ कमी होते.

प्रश्न : मला २५ वर्षांपासून संधिवात (र्‍हुमॅटॉइड) आहे, वय ६८. दोन्ही पायांची सगळी बोटे वर उचकटली आहेत आणि उघड्या पायांनी फरशीवर उभे राहिले तर खड्यांवर उभी असल्यासारखे वाटते. गुडघा बदलण्याचाही सल्ला मिळाला आहे. आधी काय करावे? मेथोट्रेक्सेट (संधिवाताचे औषध) बंद करावे लागेल का? (एक वाचिका, मुलुंड)

उत्तर : आपण खड्यांचे जे वर्णन केले आहे ते शब्दशः खरे आहे. बोटे सांध्यांतून निखळून वर गेली की चवड्यातील लांब हाडांची टोके तळव्याच्या कातडीखाली येतात. त्यांच्याखाली निसर्गाने दिलेली चरबीची गादी बोटांबरोबर पुढे सरकलेली असते, म्हणून आपण खरोखर हाडांच्या टोकांवर उभ्या राहता.

अनेक दशकांपासून चालत आलेला आणि अजूनही टिकून असलेला उपाय असा की अंगठ्याचा सांधा जोडायचा आणि बाकीच्या चार हाडांची टोके एका सलग कमानीच्या रेषेत काढून टाकायची, म्हणजे एकही टोक दुसऱ्यापेक्षा पुढे राहत नाही आणि गादी पुन्हा मागे, भाराच्या जागी येते. बोटे त्यानंतर सरळ पण काहीशी सैल राहतात आणि पाऊल थोडे आखूड होते. दिसण्याच्या दृष्टीने हा पाय सुंदर म्हणता येणार नाही, तरीही वर्षानुवर्षे घरातल्या फरशीवरही चपलेशिवाय पाय न टेकलेल्या रुग्णांना या शस्त्रक्रियेने मिळणारा आराम मी पाहिला आहे आणि तीव्र संधिवाताच्या चवड्यासाठी तिची शिफारस करायला मला संकोच वाटत नाही. अलीकडे औषधांनी आजार लवकर काबूत येत असल्यामुळे ज्यांचे सांधे शाबूत आहेत त्यांची हाडे नुसती आखूड करून सांधे वाचवण्याकडे कल वाढला आहे. आपले सांधे किती उरले आहेत ते एक्स-रेवरून ठरेल.

मेथोट्रेक्सेट बहुतेक रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेच्या काळातही चालू ठेवले जाते, ते बंद केल्यामुळे आजार उसळण्याचा धोका अधिक असतो. बायोलॉजिक इंजेक्शने (संधिवातात प्रतिकारशक्तीला आवर घालणारी नवी औषधे) चालू असतील तर शस्त्रक्रियेची तारीख दोन डोसांमधल्या अंतराच्या हिशेबाने ठरवावी लागते. हे काम आपल्या संधिवाततज्ज्ञांचे आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र कोणत्याही परिस्थितीत एकदम थांबवू नयेत. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर मानेचा एक्स-रे, मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेला, आधी मागून घ्यावा, कारण जुन्या संधिवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात आणि श्वासनलिकेत नळी घालताना त्याचे भान लागते.

गुडघा आधी की पाय? तळव्यावर किंवा बोटावर उघडी जखम असेल तर ती भरून येईपर्यंत गुडघा बदलू नये. पायातील जंतू रक्तावाटे नव्या गुडघ्यापर्यंत पोहोचले तर तो सांधा काढावा लागण्याची वेळ येते. जखम नसेल तर ज्या दुखण्याने आपले चालणे अधिक अडते ते आधी.

प्रश्न : वय ७२, मधुमेह १८ वर्षे. वाकड्या बोटांच्या टोकांवर आणि तळव्याला कुरुपे होतात. मी ती ब्लेडने कापतो किंवा औषधांच्या दुकानातील कॉर्न कॅप लावतो, दुखत मुळीच नाही. शस्त्रक्रियेने कायमची जातील का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : आपल्या पत्रातील ‘दुखत मुळीच नाही’ हे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटते. ब्लेड लागूनही दुखत नसेल तर पायाची संवेदना गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. कृपा करून ब्लेड आणि कॉर्न कॅप दोन्ही आजच बंद करा. त्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते, ते कुरूप आणि निरोगी कातडी यांच्यात फरक करत नाही, आणि बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही.

येत्या आठवड्यात दोन तपासण्या करून घ्या. एकीत १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. दुसरीत घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी आले तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत असे समजतात. मधुमेहात रक्तवाहिन्या चुन्यासारख्या कडक होऊन हा आकडा खोटा चांगला, कधी १.३ च्याही वर, येऊ शकतो, तेव्हा बोटाचा रक्तदाब मोजावा लागतो. रक्तपुरवठा अपुरा निघाला तर आधी रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांकडे जावे, बोटे सरळ करण्याचा विचार त्यानंतर.

रक्तपुरवठा ठीक असेल आणि बोट हाताने सरळ होत असेल तर बोटाच्या टोकावरच्या कुरुपासाठी किंवा जखमेसाठी एक अगदी छोटा उपाय आहे. बोटाला खाली ओढणारा स्नायूबंध बोटाच्या खालून सुईएवढ्या छेदातून कापतात. तिथल्या तिथे बोट सैल होते, टोकावरचा भार जातो आणि जखम भरायला लागते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी याविषयी जरूर विचारा. तळव्याच्या कुरुपासाठी मात्र बहुधा योग्य पादत्राणच पहिला उपाय ठरतो. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत पायाच्या मापाप्रमाणे पादत्राणे आणि आतल्या गाद्या तयार करणारा विभाग आहे. मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल आपण घरातही वापरावी. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून उघड्या पायांनी किंवा उघड्या चपलेने जाऊ नये. पाय अचानक गरम, लाल आणि सुजलेला झाला, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, हृदय अशक्त आहे. दुसरे बोट अंगठ्यावर चढून त्याची जखम भरत नाही. डॉक्टरांनी ते बोट काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. घरात सगळ्यांना धक्का बसला आहे. सासूबाई त्याच बोटात अजून जोडवी घालतात. बोट वाचवता येणार नाही का? (एक वाचिका, लालबाग)

उत्तर : हा सल्ला ऐकायला कठोर वाटतो, तरी तो निष्काळजीपणाचा नाही. अशक्त प्रकृतीच्या, घरापुरत्याच चालणाऱ्या वयोवृद्ध व्यक्तीच्या बाबतीत अंगठा सरळ करणे, हाडे कापणे, सहा आठवडे जपून चालणे हा सगळा व्याप झेपण्यासारखा नसतो. दुसरे बोट काढण्याची शस्त्रक्रिया लहान असते, पायापुरत्या भुलीत होते आणि कडक तळाच्या चपलेत बहुतेक रुग्ण लगेच चालू लागतात. तिची उणीव अशी की ते बोट अंगठ्याला अडवून धरत होते, ते गेल्यावर अंगठा मोकळ्या जागेत आणखी सरकतो. पन्नाशीच्या रुग्णात मी या कारणासाठी हा मार्ग घेणार नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, चपलेला टोचणारे बोटच उरणार नसल्यामुळे, तो स्वीकारण्याजोगा आहे.

याला पर्याय म्हणून कोणी केलर यांची पद्धत सुचवतील. खुद्द अंगठ्यातील मागच्या छोट्या हाडाचे सांध्याकडचे बूड काढून सांधा सैल करण्याची ही पद्धत १९०४ पासून प्रसिद्ध आहे. ती झटपट होते, प्लेट किंवा स्क्रू लागत नाहीत, परंतु अंगठ्याचे बळ जाते आणि भार शेजारच्या हाडांवर सरकतो. फार कमी चालणाऱ्या रुग्णासाठी ती अजूनही उपयोगी आहे, आपल्या सासूबाईंची अडचण मात्र मुख्यतः दुसऱ्या बोटाची दिसते. बोट वाचवायचेच असेल तर आधी पुढचा भाग उंच आणि रुंद असलेले, वर शिवण नसलेले मऊ पादत्राण आणि बोटावर सिलिकॉनची टोपी हा प्रयोग करून पाहावा. जखम वरवरची असेल आणि हाडाला संसर्ग पोहोचला नसेल तर कधीकधी तेवढ्यानेही भागते. कोणत्याही मार्गात नाडी आधी तपासली पाहिजे, कारण रक्तपुरवठा नसलेल्या पायावर बोट काढल्याची जखमही भरत नाही.

जोडव्यांचा प्रश्न आपण संकोचून लिहिला आहे असे जाणवले, पण तो अगदी रास्त आहे. सुजलेल्या किंवा वाकड्या बोटातील जोडवे कातडीत रुतून त्याखाली जखम झालेली मी अनेकदा पाहिली आहे, ती सहज दिसत नाही. ज्यांची बोटे वाकडी होत चालली आहेत त्यांनी जोडवी निघत आहेत तोवरच काढून मोठ्या मापाची करून घ्यावीत. शस्त्रक्रिया कोणतीही ठरली तरी ती काढावीच लागतात आणि निघत नसतील तर रिंग कटरने कापून काढतात, बोटाला इजा न होता. सासूबाईंसाठी त्या धातूपेक्षा त्याच्याशी जोडलेले सगळे आयुष्य मोठे आहे, हे त्यांच्याशी बोलताना लक्षात असू द्यावे. पुढे जोडवी शेजारच्या बोटात घालायची की देव्हाऱ्यात ठेवायची, हे त्या ठरवतील. घरात सगळ्यांना धक्का बसला असे आपण लिहिले आहे, सासूबाईंना स्वतःला काय वाटते याचा पत्रात उल्लेख नाही. त्यांना डॉक्टरांपुढे बसवून, त्यांना समजेल अशा शब्दांत दोन्ही मार्ग सांगू द्यावेत आणि होकार किंवा नकार त्यांचाच असावा.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे. अंगठ्याचा सांधा जोडण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. चाळीवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा आहे. किती दिवस अंथरुणात राहावे लागेल? दोन्ही पाय एकदम करावेत का? खर्चाचे काय? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : अंथरुणाला खिळून राहावे लागत नाही, उलट राहू नये. बहुतेक रुग्णांना दुसऱ्या दिवशीपासून टाचेवर भार देणाऱ्या खास कडक चपलेत, वॉकर घेऊन, संडास-बाथरूमपर्यंत चालवतात. पण पहिले दोन आठवडे उरलेला सगळा वेळ पाय उशांवर, छातीच्या पातळीच्या वर हवा. सूज जितकी कमी तितके टाके नीट भरतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, सहा आठवड्यांनी एक्स-रे काढून हाड जुळत असल्याचे पाहतात आणि मग रुंद बुटात पूर्ण भार द्यायला सुरुवात होते. संध्याकाळी येणारी सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते, तिने घाबरू नये.

त्या खास चपलेचा तळ जाड असतो, त्यामुळे दुसऱ्या पायात साधी स्लीपर घातली तर एक पाय उंच आणि एक ठेंगणा होतो, कंबर आणि खुबा दुखू लागतात आणि तोल जातो. दुसऱ्या पायात तितक्याच उंचीचा बूट घालावा. ही बाब डिस्चार्जच्या कागदावर क्वचितच लिहिलेली असते.

वॉकर जिन्यावर चालत नाही. शस्त्रक्रियेच्या आधीच फिजिओथेरपिस्टकडून कठडा आणि काठी धरून जिना चढण्या-उतरण्याचा सराव करून घ्या: चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी खाली. पहिल्या महिन्यात ड्रेसिंगपुरतेच खाली उतरावे. खालच्या मजल्यावर कोणा नातेवाइकाकडे राहण्याची सोय होत असेल तर ती घ्यावी, यात कमीपणा मानू नये. भारतीय पद्धतीच्या संडासावर निदान तीन महिने बसू नये, वर ठेवायची कमोड खुर्ची आधीच आणून ठेवावी. पुढे टाचा टेकवून बसणाऱ्यांना ते पुन्हा जमते, चवड्यांवर बसण्याची सवय असणाऱ्यांना नाही. लोकलच्या गर्दीत निदान तीन महिने जाऊ नये, कारण तिथे कोणाचा पाय आपल्या पायावर पडेल हे आपल्या हातात नाही. पोटरी दुखून कडक झाली, दम लागला, ताप आला किंवा ड्रेसिंग ओले होऊन वास येऊ लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

दोन्ही पाय एकदम करण्याला उतारवयात मी विरोध करतो. चांगला पाय हाच या काळातला आपला आधार असतो. पहिला पाय पूर्ण भार घेऊ लागल्यावर, तीन महिन्यांनी किंवा अधिक अंतराने, दुसऱ्याचा विचार करावा, आणि पुष्कळांना तोवर दुसऱ्याची गरज वाटत नाही. मोसमही आपल्या हातात असेल तर जून ते सप्टेंबर टाळावा. ओल्या जिन्यावरून, साचलेल्या पाण्यातून ड्रेसिंग कोरडे ठेवून रुग्णालय गाठणे मुंबईत कठीण जाते आणि ही शस्त्रक्रिया दोन-तीन महिने थांबल्याने सहसा काही बिघडत नाही. उघडी जखम असेल तर हा सल्ला लागू नाही.

खर्चाविषयी: परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहेत आणि खर्च खासगीच्या मानाने फार कमी येतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वयवंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. आपली शस्त्रक्रिया त्या योजनेच्या यादीत बसते का आणि प्लेट-स्क्रूचा खर्च तिच्यात धरला आहे का, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

प्रश्न : रात्री अंगठ्याला बांधायचे पट्टे आणि बोटांमधील सिलिकॉनचे तुकडे ऑनलाइन मिळतात. त्यांनी अंगठा सरळ होतो का? आणि दुर्बिणीसारख्या छोट्या छेदांची शस्त्रक्रिया चांगली का? (एक वाचिका, बोरिवली)

उत्तर : मोठ्या माणसाचा झुकलेला अंगठा पट्ट्याने सरळ होत नाही. सिलिकॉनच्या तुकड्याने दोन बोटांमधले घासणे थांबते, तेवढ्यापुरता तो वापरावा, मात्र बूट आधीच अरुंद असेल तर त्या तुकड्याने गर्दी वाढते आणि नवी जखम होते. मधुमेहात तर तो रोज काढून मधली कातडी पाहावी.

छोट्या छेदांच्या पद्धतीत दुर्बीण नसते. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक फिरते हत्यार घालून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हाड कापतात आणि स्क्रू बसवतात. सूज आणि वेदना कमी राहतात, सौम्य ते मध्यम विकृतीत आणि अनुभवी हातांत निकाल चांगले येतात. पण आत हाड तेवढेच कापलेले असते आणि जुळायलाही तेवढाच वेळ घेते. तीव्र विकृतीत शल्यविशारदांना थेट विचारावे की अशा किती पायांवर आपण ही पद्धत वापरली आहे, अंगठा पुन्हा झुकला तर पुढे काय करता येईल, आणि माझ्या सांध्यात कूर्चा उरली आहे का. कूर्चा उरली नसेल तर छेद छोटा असो की मोठा, सांधा जोडण्याचाच विचार करावा लागेल.